समुद्राची वरची बाजू

आषाढ शुद्ध सप्तमी, शके १८६८
कृष्णाकाठ, तालुका कराड

तीर्थस्वरूप दाजी तात्याबा यांच्या पायांशी धाकटा मेहुणा नाथाजी याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याला वात धरल्यापासून साष्टांग कागदावरच घालतो. देवालासुद्धा हल्ली उभ्यानंच हात जोडतो, तेव्हा आपण वाईट वाटून घेऊ नये.) इकडची सगळी मंडळी आपल्या आशीर्वादानं बरी आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली, त्यामुळे घरात दोन दिवस बायका एकमेकींशी गोड बोलत होत्या. रंगुआक्काच्या दम्यासाठी राहीबाईनं अडुळशाचा पाला वाळवून ठेवला आहे, येणारं-जाणारं कुणी भेटलं की धाडते. आपली हळद यंदा चांगली उतरली, रंगालाही चढली असं कळलं, समाधान वाटलं. आपल्या प्रकृतीची मात्र काळजी लागली आहे, कारण आपण मला जे कार्ड धाडलंत ते धडधाकट प्रकृतीच्या माणसानं लिहिल्यासारखं दिसत नाही.

आपण लिहिता की यंदा पुराचं कळवायची तसदी घेऊ नये, इकडं पुलावरच्या चौकीदाराशी बोलणं झालं आहे. बास. दोन ओळी, नि खाली बाकीचं कार्ड कोरं. दाजी, एकवीस पावसाळे झाले. आमच्या घाटाला लागलेलं कृष्णेचं पाणी आपल्या सांगलीला पोचायला सुमारे एक दिवस लागतो. त्या दिवसात माझी चिठ्ठी कुणाच्या तरी हातानं आगगाडीत बसून आपल्याकडे येते आणि आपण नदीकडच्या वखारीतली हळदीची पोती माळ्यावर चढवता. एकवीस वर्षांत एक पोतं भिजलेलं नाही. आमच्या वडिलांनी माझा हात धरून मला पाणी बघायला शिकवलं. फेस मधोमध चालतो की कडेनं, काटक्या कशा वाहतात, पाणी तांबडं आहे की काळपट, एवढं बघून पूर चढणार की उतरणार ते मी सांगतो, नि गाव त्यावर गुरं बांधतं नि सोडतं. मला दुसरं काही येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. (ऊस सगळ्यांनाच येतो.) आणि हे सगळं आपण जोतीराम लॉरीवाल्याच्या सांगण्यावरून मोडीत काढलंत! जोतीराम आमच्याच गावचा. तो माणूस वाईट नाही, पण त्याच्या लॉरीला भोंगा नसल्यामुळे तो स्वतःच बोलत असतो. आम्ही समुद्रावर गेलो होतो आणि तिथं काय झालं, हे त्यानं चिपळूणपासून मलकापूरपर्यंत ज्या ज्या चहाच्या दुकानाशी लॉरी थांबते त्या त्या दुकानात सांगितलेलं आहे. तेव्हा जे झालं ते मी आपल्याला जसंच्या तसं कळवतो, मग आपणच ठरवा.

वैशाखातली गोष्ट. गुऱ्हाळ उरकलं होतं, रानं नांगरून पडली होती, घरात कुणाला काही काम नव्हतं, आणि घरात काम नसलं की काय होतं ते आपण जाणताच. त्या दिवशी अष्टमी. संध्याकाळी जेवताना विषय निघाला की जोतीराम गावचा गूळ भरून उद्या पहाटे कोकणात एका बंदरावर निघाला आहे. (बंदराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं लिहितावाचताना दिसली.) राहीबाईनं सहज ज्ञानूला विचारलं की भावोजी, समुद्र असतो तरी कसा. आमचा धाकटा ज्ञानू फाल्गुनात पलटणीतून सुटून आला. बसऱ्याला आणि पुढं इटलीला जाऊन आला, म्हणजे चार खेपा बोटीत बसला. तो म्हणाला, वैनी, मी न्हाई बघितला. जाताना नि येताना तो बोटीच्या तळाशी बालदीत तोंड घालून पडलेला होता. त्यावर अंबूबाई आत्या (आमच्या वडिलांच्या बहीण, सत्तरी उलटलेली, दात एकही नाही पण बोलण्याला त्याची अडचण पडत नाही) म्हणाल्या की आपण आता समुद्र न बघताच जाणार. आयुष्यात त्यांनी समुद्राचं नाव त्याआधी कधी काढलं नव्हतं. मी हात धुवायला उठलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चला की मग." दाजी, आमच्या घरात कराडच्या बाजाराला जायचं तर आठ दिवस खल होतो. हे दोन शब्द कुठून आले मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण घरचा कर्ता पुरुष बोलला म्हटल्यावर कुणी माघार घेईना, मीही घेऊ शकेना, आणि कोंबडं आरवायच्या आत आम्ही चौघं गुळावर होतो.

म्हणजे ते तिघं गुळावर, नि मी पुढं जोतीरामच्या शेजारी. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. खाली उतरलो नि हवा जी बदलली ती अंगाला चिकटूनच बसली. अंगाला चिकटली तशी ती गुळालाही चिकटली. ढेपांवर गोणपाट अंथरून राहीबाई नि आत्या बसल्या होत्या. बंदरावर लॉरी थांबली तेव्हा ज्ञानू टुणकन उतरला, पण या दोघी उतरताना त्यांच्याबरोबर गोणपाटही उतरलं. ते सोडवण्यात बराच वेळ गेला आणि तेवढ्यात बंदरावरची बरीच मंडळी जमली. मी त्यांच्याकडे पाठ करून समुद्र बघत उभा राहिलो.

आता इथं आपण नीट लक्ष द्यावं, कारण जोतीराम हा भाग सांगत नाही. मी पाणी बघितलं ते जसं बघायला हवं तसंच बघितलं. पहिली गोष्ट, पैलतीर दिसेना. पैलतीर दिसत नाही म्हणजे पूर आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दुसरी गोष्ट, काठाची वाळू ओली होती, हात-दीड हात उंच ओलीची रेघ होती, म्हणजे पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं होतं. मी एक काटकी घेऊन पाण्याच्या कडेला रोवली आणि तंबाखू मळून होईपर्यंत थांबलो. पाणी काटकी सोडून चांगलं वावभर मागं गेलं. म्हणजे पूर ओसरत होता. वैशाखात पूर कसा, हा प्रश्न मलाही पडला. पण मुलूख परका, वर कुठंतरी वळीव कोसळला असेल, असं मी मनाशी धरलं. मी मंडळींना सांगून टाकलं की आता वर पाऊस होत नाही तोवर चार दिवस हे पाणी चढत नाही. दाजी, एवढ्या खुणांवरून आमच्या वडिलांनी तरी दुसरं काय सांगितलं असतं?

तिथं एक खारवी म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं की पाव्हणं, आज तिथी कुठली. मी सांगितलं नवमी. तो म्हणाला, मग दुपार कलली की पाणी भरेल, दिवस मावळायच्या सुमाराला पुरं भरेल, पलीकडच्या बेटावर जाणार असाल तर जेवणवेळेच्या आत परत या. मला हसू आलं. तिथी बघून पाणी चढायला लागलं तर पंचांगवाल्या भटजींनीच पूर आणायचे! आमच्या कृष्णेनं आजवर एकादशीसुद्धा पाळलेली नाही. तरी परक्या मुलखात कुणाचा अपमान नको म्हणून मी त्याला अदबीनं एकच विचारलं, की या पाण्याची वरची बाजू कोणती? म्हणजे येतं कुठून नि जातं कुठं, एवढं कळलं की बाकीचं माझं मी बघतो. म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच जाळ्यातून डोकं काढलं. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, मग माझ्याकडं बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "वर तो एक देव हाय." एवढं बोलून तो पुन्हा जाळं शिवायला लागला. (हे वाक्य जोतीराम न चुकता सांगतो, असं मला चार ठिकाणांहून कळलेलं आहे.)

बेट समोरच होतं. अर्ध्या मैलावर पांढऱ्या वाळूचा एक तुकडा, वर सात-आठ माड, केवड्याचं रान आणि मधोमध एक काळा खडक. पाणी ओसरल्यामुळे इकडून तिकडे वाळूची वाटच उघडी पडली होती नि बंदरावरच्या बायका टोपल्या घेऊन तिथं शिंपले वेचत होत्या. जोतीराम म्हणाला, मी गूळ उतरवून तीनाला इथं येतो. आम्ही भाकरीचं गाठोडं घेऊन चालत निघालो. पाण्याची कळशी मी लॉरीतच ठेवायला सांगितली. समुद्र खारट असतो हे मला ठाऊक होतं, तेवढं मराठी सातवीत शिकवतात. पण आपण नदीत करतो तसं वाळूत हातभर उकरून झिरा पाडला की गोडं पाणी मिळतंच, मग कळशीचा भार कशाला, असा माझा हिशेब होता. झिरा मी स्वतः पाडला. पाणी लागलंही लगेच, नितळ होतं, दिसायला फार सुंदर. आत्यांनी पहिली ओंजळ घेतली नि त्यानंतर अर्धी घटका त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढाच काय तो या झिऱ्याचा उपयोग झाला.

पण खोटं कशाला बोलू, जागा फार चांगली होती. वारा गार होता. पाणी काठाशी हिरवं नि लांब निळं दिसत होतं. राहीबाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली की दोन पावलं मागं सरायची, लाट गेली की पुन्हा पुढं व्हायची, आणि हसायची. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे हसू माझ्या ऐकण्यात नव्हतं. ज्ञानूही पाण्याकडे तोंड करून नीट बसला होता, त्याला बालदी लागली नाही. मला वाटलं, आपण चला म्हणालो ते बरंच केलं. हे मला अजूनही वाटतं, मग गावानं काही म्हणो.

आता ओटीचा प्रकार. आमच्या बायका कृष्णामाईची ओटी भरतात तशी समुद्राचीही भरायची म्हणून आत्यांनी घरूनच खण, तांदूळ नि नारळ आणला होता. (कोकणात नारळ घेऊन जाणारं घराणं आमचंच.) समुद्र हा बाप्या, त्याची ओटी कशी भरायची, अशी शंका ज्ञानूनं काढली. आत्यांनी त्याला गप्प केलं. पाणी म्हटलं की आईच, आणि आईला रिकाम्या हातांनी भेटायचं नाही. ओटी भरली. तांदूळ गेले, खण गेला. नारळ मात्र लाटेबरोबर परत आला. नदीला सोडलेला नारळ खाली वाहून जातो नि पुढच्या गावच्या कुणाच्या तरी आमटीत पडतो, हे आपण बघत आलो. परत आलेला नारळ आमच्या घराण्यात कुणी बघितलेला नव्हता. आत्यांचा चेहरा उतरला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आत्या कमरेइतक्या पाण्यात गेल्या, ज्ञानूनं त्यांना मागून धरलं, आणि त्यांनी नारळ जो भिरकावला तो चांगला वीस हात गेला. थोड्या वेळानं तोही आला, नि आधीपेक्षा कितीतरी वर, जिथं आम्ही गाठोडं ठेवलं होतं तिथं येऊन टेकला. आत्या म्हणाल्या की आपलं काहीतरी चुकलं, समुद्रानं ओटी परत केली. मी त्यांची समजूत घातली की ज्याच्या दारातच माडांची रांग आहे त्याला नारळाचं काय अप्रूप, त्याला त्याच्याकडे नसलेलं काहीतरी द्या. मग जोतीरामनं वाटेत खायला दिलेला गुळाचा खडा आत्यांनी पाण्यात सोडला. तो परत आला नाही. समुद्राला गूळ चालतो हे सिद्ध झालं, आणि सगळी भाकरी खायला बसली. नारळ दर खेपेला वर वर का येतोय, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडायला हवा होता, हे मी आपल्याजवळ कबूल करतो. दुसऱ्या कुणाजवळ केलेलं नाही.

भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी असं पोटभर जेवण झालं. (पाणी कुणी मागितलं नाही. सगळी शहाणी माणसं.) मी मंडळींना पुन्हा एकदा सांगितलं की पाणी चार दिवस चढत नाही, निवांत असा, आणि एका माडाखाली अंग टाकलं. डोळा लागला. आणि दाजी, मी झोपलो तेव्हा माझ्या डोक्यावर माड होता, आणि जागा झालो तेव्हा केवडा होता. मला वाटलं स्वप्न असेल. शेजारी गाठोडं होतं, आत्या होत्या, चपला ओळीनं मांडलेल्या होत्या, सगळं जिथल्या तिथं, फक्त ते बेटाच्या टोकावरून मधोमध आलेलं. नंतर उलगडा झाला. पाणी माझ्या पायांना लागायला आलं तेव्हा राहीबाईनं ज्ञानूला खूण केली. ज्ञानूनं खांद्याला धरलं, तिनं पायांना, आणि मला अलगद उचलून वर नेऊन ठेवलं. असं तीनदा. मला जागं कुणी केलं नाही. जागं केलं असतं तर पाणी चढलं हे सांगावं लागलं असतं, आणि मी तर चढत नाही म्हणून सांगून झोपलो होतो. आमच्या घरात माझ्या पाण्याच्या शब्दाला आजवर कुणी आडवं गेलेलं नाही. त्याचा एवढा अर्थ होतो, हे मला त्या दिवशी समजलं.

उठून बघतो तर वाट गेलेली. आलो ती वाळू, शिंपलेवाल्या बायका, सगळं पाण्याखाली. चहूकडे पाणी आणि मध्ये आम्ही, नि पैलतीरावर लॉरीपाशी जोतीराम इवलासा दिसत होता. मी प्रथम सांगितलं की वर कुणीतरी बंधारा सोडलेला आहे. मग मी ज्ञानूवर घसरलो, की अरे, तू जगभर फिरून आलास, तुला हे ठाऊक नव्हतं? ज्ञानू म्हणाला की बंदरावर बोटी अशाच वर-खाली व्हायच्या, एवढं त्याच्या कानावर होतं. मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "दादा, पाण्याचं खातं तुमचं हाय. पलटणीत दुसऱ्याच्या खात्यात बोलत न्हाईत." आम्ही चौघं त्या काळ्या खडकावर जाऊन बसलो. आत्या जप करत होत्या, पण मध्येच थांबून माझ्याकडे बघत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पाणी खडकाला लागलं तेव्हा मला भीती वाटली, हे मी लिहितो. स्वतःसाठी वाटली ती थोडी. राहीबाईला पोहता येत नाही, आत्यांचं वय झालेलं, आणि ही तिन्ही माणसं माझ्या एका शब्दावर तिथं बसलेली होती. काटकी, ओलीची रेघ, फेस, कशाचाच मला आधार वाटेना.

उन्हं कलल्यावर तोच खारवी म्हातारा होडी घेऊन आला. होडीत गोड्या पाण्याचा डेरा होता. तो रागावला नाही, हसला नाही, सगळ्यांना आधी पाणी दिलं, मला शेवटी. होडी चालू झाल्यावर त्यानं मला सोडून राहीबाईला विचारलं की बाय, तुला कधी कळलं. ती म्हणाली, दुसऱ्यांदा नारळ आला तेव्हा. म्हातारा मान हलवून म्हणाला की तू इथं दिलेली असतीस तर कामाची होतीस. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली असं मी त्याला सांगितलं, त्यावर तो वल्हं मारत राहिला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला स्वच्छ विचारलं की तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस. ती जात्यावर बसली होती. म्हणाली, "तुमी पाण्याचं बोलत व्हता. मधी मी कशाला बोलू?" रागानं म्हणाली नाही. घरातलं मीठ संपलं असं सांगावं तसं साधं म्हणाली आणि पुढचा घास जात्यात टाकला.

एवढीच हकिकत. यात पाणी बघण्यात माझी चूक कुठं झाली, आपण दाखवून द्या. ज्या पाण्याला वरची बाजूच नाही ते पाणी पाण्यात धरायचं कशाला? पण गाव ऐकत नाही. घाटावर गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "नाथाजी, वरची बाजू कंची?" त्याचं मला काही नाही, चार दिवस हसतील. पण ज्येष्ठ संपता संपता नदीला पहिलं लाल पाणी आलं तेव्हा मी गुंडा कुंभाराला सांगितलं की काठावर वाळत टाकलेली मडकी उचल, सांजेपर्यंत पाणी येतंय. त्यानं विचारलं, आज तिथी कुठली? आणि हसून तंबाखू मळत बसला. पाणी सांजेला आलं. सगळी कच्ची मडकी चिखल होऊन गेली, महिन्याची मेहनत. माझा शब्द खरा झाला, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. फार वाईट वाटलं. कुंभारणीनं माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. खोटा शब्द एकदा माफ होतो दाजी, पण खरा शब्द कुणी ऐकेनासं झालं की माणसानं काठावर बसून करायचं काय? आणि त्यातच आपलं कार्ड आलं.

तर विनंती अशी की चौकीदाराचं काय असेल ते असो, त्याला बिचाऱ्याला पूल सांभाळायला पगार आहे, पाणी बघायला नव्हे. आपण माझ्यावर भरवसा ठेवा. आजचंच सांगतो. सकाळी घाटावर जाऊन आलो, दोन पायऱ्या बुडालेल्या आहेत, पाणी थिर आहे, फेस कडेनं चाललाय. चार दिवस चढत नाही, हे माझं लेखी धरा आणि हळदीची पोती आहेत तिथं सुखानं असू द्या. रंगुआक्काला नमस्कार. लहानमोठ्यांना यथायोग्य.

आपला,
नाथाजी

ता. क. पत्र ज्ञानूला वाचून दाखवलं. तो म्हणतो, झोपेचा मजकूर गाळावा. आता लिहून झालाय, कागद फाडवत नाही. रंगुआक्काला वाचून दाखवताना तेवढा आपणच गाळावा. तिला हसू आलं की दमा चढतो.

ता. क. दुसरा. खरं काम मी वर लिहायला धजलो नाही, ते असं. आपण मला एक कार्ड टाकावं, उघडं, ठळक अक्षरात, "नेहमीप्रमाणे पुराचं आपणच कळवावं, आम्हाला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." आमचा पोस्टमन सगळी कार्डं चावडीवर मोठ्यानं वाचूनच घरी आणतो. तेवढं एकदा चावडीवर वाचलं गेलं की झालं. मग पाहिजे तर आपण चौकीदाराचंच ऐका, मी कुणाला सांगणार नाही.

ता. क. तिसरा. दाजी, वरचं सगळं राहू द्या. पाणी चढतंय. राहीबाई धुणं तसंच घेऊन घाटावरनं परत आली आणि दारातच म्हणाली, "पाणी चढाय लागलंय, दाजींना कळवा." मी सकाळपासून हे पत्र लिहीत नदीकडे पाठ करून बसलो होतो. जाऊन बघून आलो. सात पायऱ्या गेल्या, आठवी बुडतेय, पाणी तांबडं आहे नि फेस मधोमध आलाय. उद्या दुपारपर्यंत आपल्या वखारीला लागेल. ज्ञानूला हे पत्र देऊन गाडीनं पाठवतोय, पोती चढवायला त्याला ठेवून घ्या. आजच चढवा, चौकीदाराची वाट बघू नका. मी सांगितलं म्हणून ऐकणार नसलात तर राहीबाईनं सांगितलं म्हणून ऐका. सांगितलं तिनंच आहे.